कसंतरी होतं

9 ऑगस्ट 1993, लातूर

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या आज हातात आल्या. भूगोलाच्या वर्गाला लागून एक लांबट खोली, चार टेबलं आणि दोन लोखंडी कपाटं. कपाटातून एकेक वस्तू काढून पुसली. म्युलर-लायरची बाणांची सरकपट्टी, डोळे बांधून बोटाने चाचपत जायचा चक्रव्यूह, मेमरी ड्रम, दोन स्टॉपवॉच (एक बंद), आणि आरशात बघून चांदणी गिरवायची लाकडी पाटी. आरशाचा एक कोपरा उडालेला आहे, पण काम भागेल.

तृतीय वर्षाला अकराजण. प्रात्यक्षिकाचे मार्क पदरात पडतात म्हणून हा विषय घेतला, असं त्यातल्या सातांनी मोकळेपणाने सांगितलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणूस कुठल्या का वाटेने येईना, एकदा आला की त्याला थांबवून ठेवणं आपल्या हातात असतं.

दुपारी चांदणीचा प्रयोग घेतला. एक जण प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त. हातासमोर आडोसा असतो, त्यामुळे कागद थेट दिसत नाही, फक्त आरशात दिसतो. आरशात बघून दोन रेघांमधून पेन्सिल न्यायची. वर न्यायला गेलं की पेन्सिल खाली येते. प्रयोग संपला की प्रयुक्ताने अंतर्निरीक्षण अहवाल लिहायचा: करताना मनात काय चाललं होतं, ते स्वतःच्या शब्दांत.

अकरांपैकी दहा वह्यांत एकच मजकूर. 'प्रयोग करताना मला आनंद वाटला. सूचना स्पष्ट होत्या. सुरुवातीला थोडी भीती वाटली, नंतर गेली.' गाइडमधून उतरवलेला. अकराव्या वहीत दोनच शब्द होते: 'कसंतरी झालं.' तिची जोडीदारीण ते खोडायला सांगत होती. मी म्हटलं, खोडू नकोस. कसंतरी म्हणजे कुठे? हातात? पोरगी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हातात नाही मॅडम, पोटात. शाळेत पहिल्यांदा फळ्यापाशी बोलावलं होतं, तवा झालं होतं तसं."

वुंटने 1879 मध्ये लायपझिगला पहिली प्रयोगशाळा थाटली तेव्हा त्याचीही भिस्त बरीचशी यावरच होती, की माणूस आपल्या आत पाहून सांगेल. पुढे 1913 मध्ये वॉटसनने ते सगळं बाजूला सारलं. आतलं कुणाला दिसत नाही, तेव्हा वर्तन मोजा, म्हणाला. त्याचा आक्षेप खोटा नव्हता. तरीही आज त्या पोरीने 'पोटात' म्हटलं, तेव्हा स्टॉपवॉचवरच्या आकड्याहून मला ते जास्त मोलाचं वाटलं.

2 ऑक्टोबर 1993

लिहायला बसवत नाही. परवा पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने घर हललं. आम्ही अंगणात आलो, भिंती उभ्या होत्या. किल्लारीकडचं सकाळी कळलं. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून दमून भागून झोपलेली गावंच्या गावं. दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर माळवदं. उन्हाळ्यात घरं गार राहावीत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतलेली मातीच माणसांवर कोसळली.

राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं काल ट्रकने गेली. वरून पाऊस. अकरांपैकी नऊजणांचा पत्ता लागला आहे.

6 ऑक्टोबर 1993

दहावा भेटला. लातूरच्या दवाखान्यात भावाच्या उशाशी बसून होता. अकरावी ती 'पोटात' म्हणणारी. तिच्या मामाने निरोप धाडला: ती गेली.

21 नोव्हेंबर 1993

एका अभ्यासगटाला मराठीत विचारणारे लोक हवे होते, म्हणून भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रश्नावली घेऊन गेले. इंग्रजीवरून केलेली चाचणी. 'तुम्हाला उदास वाटते का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही.'

तिसऱ्या शेडमध्ये पन्नाशीची एक बाई होती. दोन सुना आणि एक नातू गेलेला. मी प्रश्न वाचला.

"उदास म्हंजी?" तिने विचारलं.

मी समजावून सांगितलं, वाईट वाटणं, करमत नाही असं वाटणं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काय सांगावं बाई. कसंतरीच व्हतंय." मी पेन घेऊन थांबलेली. नेहमी की कधीकधी? ती म्हणाली, "कुत्रं भुंकलं की जीव निसता वर येतोय. त्या राती बी भुंकली व्हती. पत्रा वाजला की हात आपुआप पोराकडं जातोय. पोरगं तर न्हाई."

मी 'नेहमी'वर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. घरी आल्यापासून ती खूण डोळ्यांपुढून हटत नाही. तिने जे सांगितलं ते त्या तीन चौकटींत कुठेच बसत नव्हतं, आणि मी ते बसवलं.

आघातानंतरच्या ताणाच्या विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या वर्गीकरणात 1980 साली जागा दिली. आवाजाने दचकणं, तोच प्रसंग पुन्हा जगणं, झोप उडणं ही सगळी लक्षणं तिथे दिली आहेत. आमच्या क्रमिक पुस्तकात त्यावर ओळसुद्धा नाही. पण पुस्तकात असतं तरी मी आज दुसरं काय केलं असतं? खूण करायची घाई मलाच होती.

22 नोव्हेंबर 1993

दोनशे पानी वही आणली. वर 'शब्दवही' लिहिलं. आतलं सांगताना माणसं जे बोलतात ते जसंच्या तसं इथे उतरवायचं, शुद्ध करायचं नाही. पहिल्या पानावर: जीव वर येतो. भ्याव वाटतंय. डोळा लागंना. काळजात धस्स होतं. अन्न गोड लागंना. मन उडालं. आंग गळून गेलं.

पुन्हा वाचताना लक्षात आलं, यातल्या कितीतरी बोलांत शरीर आहे. मन वेगळं काढून दाखवावं, असं शेडमधल्या कुणाला वाटलंच नव्हतं. ते वेगळं काढायला पुस्तकं शिकवतात, आणि पुस्तकं मी शिकवते.

17 जुलै 2002

स्ट्रूपचा प्रयोग. 1935 चा, पण आजही पोरांना जादू वाटतो. छापील संच इंग्रजीत आहे, आमच्या मुलांना त्याचा उपयोग नाही. काल रात्री स्केचपेनने देवनागरीत कार्डं केली. 'हिरवा' तांबड्या शाईत, 'पिवळा' निळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. सगळे अडखळतात. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की शब्द आधी धावत येतो आणि डोळ्यांसमोरचा रंग मागे राहतो.

आज मात्र एक मुलगी भराभर रंग सांगत गेली. अडखळण नावालाच. वर्गाला वाटलं, हिला कार्डं आधीच दाखवली असणार. चौकशी केली तेव्हा कळलं, दहावीपर्यंत ती उर्दू माध्यमात होती. देवनागरी येते, पण सावकाश, अक्षर लावत. शब्द धावून येत नाही, म्हणून रंगाच्या आड येत नाही. मी तिला उर्दूत कार्डं करायला सांगितली. अर्ध्या तासात करून आणली, आणि त्या कार्डांवर ती आमच्यासारखीच अडखळली. आम्ही सगळे त्या कार्डांवर एकदाही चुकलो नाही.

एवढा स्वच्छ निकाल मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. ती संकोचून बसली होती. मी म्हटलं, आज या वर्गाला तू शिकवलंस.

9 डिसेंबर 2008

एच. एम. गेल्याची बातमी इंटरनेटवर वाचली. 2 डिसेंबरला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. पन्नासहून अधिक वर्षं जगभरचे विद्यार्थी त्याला दोन अक्षरांनी ओळखत होते. नाव आता कळलं: हेन्री मोलेसन.

तास ठरलेला होता प्रबलनाचा, तो बाजूला ठेवला. वर्गाला त्याची हकिकत सांगितली. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून 1953 मध्ये शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढला. झटके कमी झाले, पण त्यानंतर नवी आठवण राहीना. आत्ता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन आला की नवाच. माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर त्याच्याकडे गेल्या आणि त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. सलग तीन दिवस. चुका कमी कमी होत गेल्या. तिसऱ्या दिवशी हात सफाईने फिरत होता, पण आपण हे कधी केलं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. स्मरण ही एकच एक कोठी नव्हे. काय घडलं ते एकीकडे राहतं आणि कसं करायचं ते दुसरीकडे, हे त्या चांदणीने दाखवून दिलं.

कपाटातून लाकडी पाटी काढली आणि टेबलावर ठेवली. हीच ती, म्हटलं. अगदी हीच नव्हे, पण हीच. मुलं उठून जवळ आली. काहींनी आरशाला हात लावून पाहिला.

जगाला एवढं सगळं ज्याच्यामुळे कळलं, त्याला स्वतःला ते कधीच आठवलं नाही. मला आज दिवसभर त्याचंच वाईट वाटत राहिलं.

11 डिसेंबर 2008

द्वितीय वर्षाची एक मुलगी तास संपल्यावर मागे राहिली. म्हणाली, "मॅडम, आमची आजी तशीच आहे." आजी नातवंडांची नावं विसरते, जेवल्याचं विसरते, आजोबा वारलेत हे विसरते आणि रोज नव्याने रडते. घरात तिला चुलीपाशी जाऊ देत नाहीत. "पण मी काल तिच्यापुढं पीठ ठेवलं."

पुढचं ती थांबत थांबत सांगत होती. आजीने परातीत पीठ ओढून घेतलं. ज्वारीचं पीठ, उकळतं पाणी. पाणी किती ते बघितलं नाही, हाताने ओळखलं. मळलं, तळहाताच्या टाचेने रगडलं. गोळा केला, पिठावर ठेवला, थापायला लागली. एका हाताने थापायचं आणि दुसऱ्याने कड फिरवत न्यायची. भाकरी परातीएवढी झाली, कुठे चीर नाही. उचलून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग नातीकडे बघून विचारलं, "तू कुणाची गं?"

"मॅडम, मला रडू आलं. पण नुसतं वाईट नव्हतं वाटत. भाकरी बघून बरं पण वाटलं. दोन्ही एकदम. याला काय म्हणायचं?"

मला पारिभाषिक शब्द येत होते. सांगितले नाहीत. म्हटलं, तू आत्ता जसं सांगितलंस तसंच लिहून काढ. आणि घरी सांग, आजीला रोज एक तरी भाकरी करू द्या, तुम्ही शेजारी बसा.

14 जून 2012

प्रवेशाचे दिवस. या गावात जूनमध्ये सगळी घाई मेडिकल-इंजिनिअरिंगची. लातूर पॅटर्नचे फलक चौकाचौकात. आमच्या टेबलापाशी माणसं येतात ती बाकीची टेबलं फिरून झाल्यावर.

एका वडिलांनी विचारलं, हे शिकून पोरगी डॉक्टरासारखा बोर्ड लावू शकेल का? खरं तेच सांगितलं. बी.ए. नाही, एम.ए. करूनही लगेच नाही. क्लिनिकलचा बोर्ड लावायचा तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते, तसा कायदाच आहे, 1992 चा. ते म्हणाले, मग कशाला? मी म्हटलं, घरात कुणी गप्प झालं तर हिला आधी कळेल. ते काही न बोलता निघून गेले, आणि अर्ध्या तासाने फॉर्म भरून परत आले.

रात्री जुन्या विद्यार्थ्याचा फोन. एम.ए., सेट, सहा वर्षं तासिका तत्त्वावर. यंदाही तासिकाच. उन्हाळ्यात पगार नाही म्हणून रसवंतीवर बसला होता. वर्गात जीव ओतून शिकवतो, मी पाहिलं आहे. या माणसांच्या खांद्यावर विषय उभा आहे आणि त्यांना जूनमध्ये आपण एप्रिलपर्यंत तरी असू की नाही, हे ठाऊक नसतं. याचा मला मनापासून संताप येतो.

13 एप्रिल 2016

काल मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले होते. मांजरा धरण कोरडं पडलं आहे, गेल्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली.

प्रात्यक्षिक परीक्षा तरीही ठरल्या दिवशी. स्ट्रूपमध्ये एका हुशार मुलाच्या चुकाच चुका. बाहेरून आलेले परीक्षक मार्क कापायला निघाले होते, त्यांना आधी अहवाल वाचायला दिला. 'रंग बघत होतो पण कान टँकरच्या हॉर्नकडे होते. रात्री दोनला नंबर होता. आज माझ्या घरी आई एकटी आहे, तिला घागर उचलत नाही.' परीक्षकांनी चष्मा काढला आणि वही माझ्याकडे सरकवली. अवधानावरचं प्रकरण मी तेवीस वर्षं शिकवते आहे. त्या तीन वाक्यांत ते सगळं होतं.

3 सप्टेंबर 2020

पडद्यावर चौदा नावं, चेहरे नाहीत. प्रयोगशाळा बंद. म्हटलं, घरातला आरसा घ्या, आडोशाला वही उभी करा, चांदणी स्वतः काढा. एकाने वडिलांचा दाढीचा आरसा घेतला. घरात सगळे रिकामेच, म्हणून सगळे बसले. त्याने फोटो पाठवले: पाच चांदण्या, खाली नावं आणि लागलेले सेकंद. आईची सगळ्यात आधी जमली. ती ब्लाउज शिवते. आईचा अहवालही त्याने विचारून लिहिला आहे: 'बघायचं सोडलं आणि हाताला जाऊ दिलं.'

10 ऑक्टोबर 2023

जागतिक मानसिक आरोग्य दिन. भित्तिपत्रकांची स्पर्धा. डिप्रेशन, एन्झायटी, टॉक्सिक, ट्रिगर. 'जीव वर येतो' असं कुणी लिहीत नाही आता.

कार्यक्रम संपल्यावर आमच्या एका विद्यार्थिनीने तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला आणलं. ती आमच्या महाविद्यालयातली नव्हे. नीटची दुसरी खेप. बसल्या बसल्या म्हणाली, "मला एन्झायटी आहे." कशावरून? रील बघून कळलं.

मला स्ट्रूपची कार्डं आठवली. मी म्हटलं, तो शब्द आपण थोडा वेळ टेबलावर ठेवू. सकाळपासून काय काय होतं ते सांग. सुरुवातीला तिला काही सांगता येईना. मग म्हणाली, मेसचा डबा उघडला की मळमळतं. कुठलीही भाजी असो. रविवारी नाही होत. रविवारी काय वेगळं असतं? ती विचारात पडली. टेस्टचा निकाल सकाळी साडेनऊला फोनवर येतो. डबाही साडेनऊलाच येतो. रविवारी निकाल नसतो. हे बोलता बोलता ती स्वतःच थबकली. पाव्हलॉव्हचं प्रकरण तिने कधी वाचलेलं नव्हतं.

पण तेवढ्याने भागणारं नव्हतं. झोप नाही, वजन उतरलेलं, आणि 'आपण नसलेलंच बरं' असं दोनदा तोंडून गेलं. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं नाही. सरळ विचारलं, मरायचे विचार येतात का? ती रडायला लागली. तिच्यासमोर वडिलांना फोन केला. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक दोघींच्या फोनमध्ये घातला. मैत्रिणीला म्हटलं, आज रात्री हिला एकटी सोडू नकोस. उद्या मनोविकारतज्ज्ञांकडे मी बरोबर जाणार आहे. मी शिक्षिका आहे, उपचार करणारी नाही, आणि ही रेघ मी कधी ओलांडलेली नाही.

रात्री शब्दवही काढली तेव्हा वाटलं, रीलमधल्या त्या शब्दावर मी नुसतं रागावून चालणार नाही. तो शब्द होता म्हणून ती पोरगी दारापर्यंत आली. शेडमधल्या बाईकडे तोही नव्हता, आणि तिला जायला दारही नव्हतं.

11 ऑक्टोबर 2023

वडील पहाटेच्या गाडीने आले. दवाखान्यात तिघं गेलो. गोळ्या सुरू, पुढच्या बुधवारी पुन्हा. वडील बाहेर बाकावर म्हणाले, "मॅडम, ती फोनवर नुसतं बरंय म्हणायची." डब्याची वेळ बदलून घेतली आहे.

19 मार्च 2024

प्रात्यक्षिक परीक्षा. आरशाच्या उडालेल्या कोपऱ्यावर आता चिकटपट्टी आहे. नवा बसवू म्हणून तीस वर्षं गेली.

पाचला दहा कमी. बाकीच्यांनी उत्तरपत्रिका दिल्या. परीक्षक बाई मार्कांची बेरीज करत होत्या. शेवटच्या टेबलावर एक मुलगा अजून बसलेला. तक्ता, आलेख, निष्कर्ष सगळं झालेलं, फक्त अहवालाच्या जागी कोरं. जवळ गेले तर हळूच म्हणाला, "मॅडम, मला काहीच झालं नाही. काय लिहू?"

"काही झालं नाही, हे तुला कशावरून कळलं? तेच लिही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चांदणीच्या कागदाकडे. चौथ्या टोकापाशी रेघ तीन वेळा गिरवलेली होती, कागद तिथे फाटायला आला होता. त्याने त्यावरून बोट फिरवलं. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. मी त्यांना म्हटलं, दहा मिनिटं आहेत अजून. त्याने पेनचं टोपण काढलं.